बेरीज जुळते, तरी चेकर लाल: चूक नक्की कुठे शोधायची?

निळंप्रश्नचिन्ह

जिओकॅशिंगमधल्या एका मिस्ट्री कॅशचं (कोडं सोडवून लपवलेल्या डब्याचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, काढायचे असतात) कोडं पूर्ण सुटलंय असं दिसतंय. सगळी अक्षरं मिळाली, कॅशच्या पानावर दिलेली अंकांची बेरीजही जुळली, तरी चेकर, म्हणजे उत्तर तपासणारं वेबपान, ‘चूक’ म्हणतो. कोडं फुटू नये म्हणून इथे आकडे बदलून लिहितोय, पण सूत्रांचा साचा तोच आहे:

उत्तर ४८° १२.(क×ख+ग)
पूर्व ०१५° २७.(घ×१००+च×छ−ज)

क=५, ख=८, ग=५, घ=६, च=७, छ=९, ज=४. म्हणजे उत्तरेला ४५ आणि पूर्वेला ६५९. पानावर लिहिलंय की उत्तरेच्या सगळ्या अंकांची बेरीज २४ आणि पूर्वेच्या ३५. दोन्ही बरोबर येतात. चेकरमध्ये ४८ १२.४५ आणि ०१५ २७.६५९ असं टाकलं.

बेरीज जुळूनही उत्तर चुकू शकतं का? लाल आल्यावर तपासायला सुरुवात कुठून करायची? आणि चेकरच चुकीचा असण्याची शक्यता किती? प्रयत्न मोजके मिळतात, त्यामुळे अंदाजाने आकडे मारत बसायचं नाहीये.

होकायंत्र

अक्षरं बरोबर असावीत. घोळ शून्याचा आहे.

मिनिटांनंतर दशांशाची तीन घरं असतात आणि सूत्रातून येणारा आकडा म्हणजे मिनिटाचे हजारावे भाग. ४५ आले म्हणजे ४५ हजारांश, म्हणून १२.०४५. तुम्ही १२.४५ लिहिलंत की चेकर ते १२.४५० असं वाचतो. उत्तर-दक्षिण दिशेत एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, हजारावा भाग १.८५ मीटर. या दोन जागांत ०.४०५ मिनिटाचा फरक आहे, म्हणजे जवळपास ७५० मीटर. आणि शून्य कुठेही बसवलं तरी अंकांची बेरीज २४ च राहते, म्हणून बेरजेने तुम्हाला सावध केलं नाही.

याच जातीच्या आणखी दोन गोष्टी सूत्रांत येतात. उत्तर तीन अंकांत मावलं नाही, समजा १०१२ आलं, तर काही मालकांना (कॅश लपवणाऱ्यांना) हातचा अपेक्षित असतो: १२ अधिक १.०१२ म्हणजे १३.०१२. पण तसं पानावर कुठे सुचवलेलं नसेल तर चार अंकी उत्तर म्हणजे एखादं अक्षर चुकल्याची खूण समजा. उणे उत्तराचंही तसंच. ‘१२.००० मधून वजा करा’ असं स्पष्ट असेल तर २३ वजा केल्यावर ११.९७७ येतं. नसेल तर अक्षरांकडे परत जा.

पुढच्या वेळी लाल आलं की आधी लिहिण्याची पद्धत तपासा, गणित नंतर. बहुतेक चेकर अंश आणि दशांश मिनिटं मागतात, नकाशाच्या साइट मात्र दशांश अंश देतात. तुमचंच उदाहरण घेतो. ४८° १२.०४५′ हीच जागा दशांश अंशांत ४८.२००७५° आणि अंश-मिनिट-सेकंदांत ४८° १२′ २.७″. कोणी ती ४८.१२०४५ अशी टाकली तर सुमारे ८.९ किलोमीटर दक्षिणेला जाईल. ती चूक नकाशावर लगेच दिसते. त्याहून फसवी चूक सेकंदांची: १२.०४५ ला १२ मिनिटं ४.५ सेकंद समजलं तर फरक फक्त ५५ मीटर पडतो. तो ठिपकाही त्याच रानात, त्याच पायवाटेच्या कडेला पडतो, अगदी पटण्याजोगा, आणि चेकर मात्र लालच राहतो.

आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. ४८ देवनागरीत टाइप केलं तर चेकरला तो आकडा वाटेलच असं नाही. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात तिरकं मिनिटचिन्ह, दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम किंवा न दिसणारी मोकळी जागा येते. चिकटवलेलं पुसून हाताने टाका आणि पाठवण्याआधी चेकरने ते कसं वाचलंय ते बघा.

आणि चेकरच्या आधी नकाशा. मिस्ट्री कॅशचे पानावरचे कोऑर्डिनेट्स खोटे असले तरी खरी जागा साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. जुन्या कॅशना तो लागू असेलच असं नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही ठिपके त्या वर्तुळात बसले असते, त्यामुळे नकाशाने हे पकडलं नसतं. पण तळ्याच्या मधोमध किंवा कोणाच्या घरावर पडलेला ठिपका चेकरचा एक प्रयत्न वाचवतो.

मिनिटसेकंद

वरच्या उत्तराला दुजोरा. बेरजेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर लोक नको इतका भरवसा ठेवतात.

अंकांची बेरीज एकच अंक चुकला असेल तर हमखास पकडते. दोन अंकांची अदलाबदल तिला दिसत नाही: ३४५ आणि ३५४, दोन्हींची बेरीज १२. एक अक्षर एकाने वाढलं आणि दुसरं एकाने घटलं तरी ती जुळते. पुन्हा पुन्हा बेरीज करून एकच अंक उरवायचा असेल तर अजून एक भोक पडतं. ९ च्या जागी ० आला तरी उरणारा अंक तोच राहतो, कारण ती मुळात ९ ने भागून उरणारी बाकी आहे. हे तुम्ही पकडू शकता. कोड्यात कुठे ० किंवा ९ मिळाला असेल आणि तपासणी एकअंकी असेल, तर तो अंक आधी पुन्हा काढा.

बेरीज नेमकी कशाची, हेही नीट वाचायला हवं. कोणी अख्ख्या कोऑर्डिनेट्सच्या अंकांची देतं, कोणी शेवटच्या तीन अंकांची, कोणी अक्षरांच्या किमतींची. अक्षरांची बेरीज जुळली तर अक्षरांबद्दल थोडीफार खात्री मिळते, सूत्र बरोबर सोडवलंय की नाही याबद्दल काहीच कळत नाही.

मालकाला बेरीजच द्यायची असेल तर प्रत्येक अंकाला त्याच्या जागेने गुणून द्यावी. ०४५ साठी ०×१ + ४×२ + ५×३ = २३, तर ४५० साठी ४×१ + ५×२ + ०×३ = १४. शून्य सरकलं की लगेच कळतं, शेजारच्या अंकांची अदलाबदलही कळते.

आता ‘चेकरच चुकीचा असू शकतो का’ याबद्दल. हो, पण हा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. चेकरची लिंक भलत्याच कॅशची असू शकते. मालक एका पानाचा मजकूर उचलून दुसरं पान बनवतो आणि लिंक जुनीच राहते. चेकरच्या पानावर जीसी क्रमांक (कॅशचा ओळखक्रमांक) किंवा कॅशचं नाव येतं, ते ताडून पाहा. पान बराच वेळ उघडं राहिलं की चित्रातली अक्षरं ओळखायची परीक्षा कालबाह्य होते. तेव्हा येणारा लाल संदेश उत्तराबद्दल नसतो, म्हणून संदेश पूर्ण वाचा. आणि सर्वांत चिवट कारण: डबा हरवल्यावर मालकाने नवा डबा दहा-पंधरा मीटर बाजूला ठेवला, पानावरची फायनल (डब्याच्या खऱ्या जागेचे कोऑर्डिनेट्स) बदलली, पण बाहेरच्या चेकरवरची बदलायची राहिली. अशा वेळी अलीकडच्या नोंदी वाचा. ‘डबा हलवला’ अशी मालकाची नोंद आणि तिच्यानंतर कोणालाच सापडलेला नाही, असं दिसलं तर संशय रास्त आहे.

कोड्यात ‘या बिंदूपासून इतक्या अंशांवर इतके मीटर’ असं प्रक्षेपण असेल तर उत्तर अगदी बरोबर सोडवूनही लाल येऊ शकतं. चुंबकीय उत्तर धरली की खरी उत्तर, यात एका अंशाचा फरक पडला तरी एक किलोमीटरवर १७ मीटर होतात. पृथ्वी गोल धरून गणित करणारं साधन आणि डब्ल्यूजीएस८४ चा चपटा गोल धरणारं साधन यांत अंतराच्या जेमतेम अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो. २ किलोमीटरच्या प्रक्षेपणात ते १० मीटर झाले. तंतोतंत उत्तर मागणारा चेकर ते नाकारणारच. दुसऱ्या साधनाने तेच गणित करून बघा, फरक आला तर कारण सापडलं.

हे सगळं करूनही अडलात तर मालकाला लिहा, पण नुसते कोऑर्डिनेट्स पाठवून ‘बरोबर का?’ विचारू नका. प्रत्येक अक्षर कशावरून काढलं आणि किंमत काय आली ते एकेका ओळीत लिहा. बहुतेक मालक ‘उत्तरेचे आकडे ठीक आहेत, पूर्वेचे पुन्हा बघा’ इतकं तरी सांगतात. कॅशच्या नोंदीत मात्र यातलं काही लिहू नका, ती सगळ्यांना दिसते.

निळंप्रश्नचिन्ह

०४५ टाकलं आणि हिरवं आलं. दोघांचे मनापासून आभार.

याच निमित्ताने पुढचा प्रश्न. स्वतःची मिस्ट्री कॅश तयार करतोय. जिओकॅशिंग डॉट कॉमचा स्वतःचा चेकर, जिओचेक आणि सर्टिट्यूड असे पर्याय समोर आहेत. काही मीटरची सूट ठेवावी का? उत्तर म्हणून कोऑर्डिनेट्स मागावे की शब्द? आणि साध्या वेबपानावर स्वतःचा चेकर लिहिला तर चालेल का?

कुलूपकिल्ली

सुटीपासून सुरू करतो, कारण तिच्यावर बाकीचं ठरतं.

कोड्याचं उत्तर निव्वळ अंकगणिताने निघत असेल तर सूट शून्य ठेवा. सोडवणाऱ्याने बरोबर सोडवलं तर हजाराव्या भागापर्यंत तेच येणार. जीपीएसची काही मीटरची चूक इथे लागूच नाही, कारण कोणी जागेवर जाऊन मोजत नाही. उलट कोड्यात प्रक्षेपण असेल, नकाशावरच्या रेघांचा छेद काढायचा असेल किंवा जागेवर उभं राहून काही मोजायचं असेल तर ५ ते १० मीटर सूट द्या, नाहीतर प्रामाणिक माणसं अडकतील. एक लक्षात ठेवा: ४८ अक्षांशाच्या आसपास हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर असतो, पण पूर्व-पश्चिम फक्त १.२४ मीटर. जसजसं ध्रुवाकडे जावं तसतसं पूर्वेचं घर अरुंद होतं, ६० अक्षांशावर ते ०.९३ मीटर उरतं. म्हणून ‘शेवटचा अंक दोनने इकडे-तिकडे’ अशी सूट दोन्ही दिशांना सारखी नसते. मीटरात सूट देता येत असेल तर मीटरातच द्या.

मोठी सूट दिल्याने काय होतं ते आकड्यांत बघा. ३.२ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण ३२ चौरस किलोमीटर. शून्य सूट असेल तर ४८ अक्षांशावर त्यात सुमारे १ कोटी ४० लाख वेगवेगळी उत्तरं मावतात. ५० मीटर सूट दिली तर तेच वर्तुळ अंदाजे ५,००० प्रयत्नांत झाकून होतं. १० मिनिटांना १० प्रयत्न ही मर्यादा धरली तर पहिल्याला २६ वर्षांहून जास्त लागतील, दुसऱ्याला साडेतीन दिवस. सुटीमुळे कुलूप असं ढिलं होतं.

पण कोणी अख्खं वर्तुळ चाळत नाही. खरी गळती अर्धवट सोडवलेल्या कोड्यांतून होते. एकच अंक अडला असेल तर १० प्रयत्न, दोन अडले तर १००, म्हणजे पावणेदोन तास. उत्तरेचे दोन आणि पूर्वेचे दोन असे चार अडले तर १०,००० प्रयत्न आणि जवळपास सात दिवस. त्यामुळे कोड्याचा गाभा एकाच अक्षरात ठेवू नका. सर्वांत कठीण पायरी किमान तीन-चार अंकांवर परिणाम करेल असं सूत्र बांधा. इथे वर आलेल्या सूत्रात ज हे अक्षर सर्वांत अवघड असतं, तर ते न सोडवता दहा प्रयत्नांत पूर्व दिशा मिळाली असती.

चेकर कुठला? जिओकॅशिंग डॉट कॉमचा स्वतःचा चेकर पानावरच्या फायनलशी ताडतो, त्यामुळे डबा हलवून फायनल बदलली की वेगळं काही करावं लागत नाही. वर सांगितलेली चिवट चूक तिथे होतच नाही. तो सूट देत नाही, हजाराव्या भागापर्यंत तंतोतंत मागतो आणि १० मिनिटांत १० प्रयत्न देतो. गणिती कोड्याला माझी पसंती त्यालाच. सूट हवी असेल तर जिओचेक. बरोबर उत्तरानंतर स्वतःचा संदेश किंवा चित्र दाखवायचं असेल, किंवा उत्तर शब्दात हवं असेल, तर सर्टिट्यूड. हिरव्या पानावरच्या संदेशाचा चांगला उपयोग होतो: गाडी कुठे लावावी, कुठल्या बाजूने चढावं, कुठल्या कुंपणात शिरू नये. कोडं न सोडवणाऱ्याला ज्यातून जागा कळली असती ते सगळं तिथे लिहिता येतं.

शब्दाबद्दल माझं मत ठाम आहे: फायनलचे कोऑर्डिनेट्स फक्त चेकरच्या हिरव्या पानावर असतील अशी रचना करू नका. ती सेवा बंद पडली तर कॅश सुटेनाशी होते, बरोबर शब्द हातात असूनही. उत्तर शब्द असला तरी त्यातून कोऑर्डिनेट्स काढता येतील असं सूत्र पानावर ठेवा, म्हणजे चेकर गेला तरी फक्त खातरजमा करण्याची सोय जाते, कोडं टिकतं.

मिनिटसेकंद

शब्दच ठेवायचा असेल तर तो कसा लिहायचा ते पानावर स्पष्ट सांगा: एकवचन की अनेकवचन, मोकळ्या जागांसह की सलग, संख्या अंकी की अक्षरी. आणि उत्तर देवनागरीत ठेवू नका. ‘सुऱ्या’ मधला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ॲ’ चंही तसंच: एकसंध अक्षर किंवा अ वर चंद्र. चेकरने हे दोन्ही एक मानले नाहीत तर बरोबर शब्द टाकणाऱ्या निम्म्या लोकांना लाल दिसेल. शब्द रोमन लिपीत लिहायला सांगणार असाल तर स्पेलिंग एकच संभवेल असा निवडा, किंवा चेकरमध्ये दोन-तीन रूपं मान्य करता येत असतील तर ती सगळी भरा.

होकायंत्र

स्वतःच्या चेकरबद्दल. साध्या वेबपानावर जावास्क्रिप्टमध्ये उत्तर ताडलं तर ते उत्तर पानाच्या सोर्समध्येच असतं, माउसच्या दोन क्लिकवर. गूगल फॉर्ममध्ये ‘उत्तर अमुकच असलं पाहिजे’ अशी अट घातली तरी तेच, ती अट ब्राउझरकडेच पाठवलेली असते.

मग लोक म्हणतात की उत्तर न ठेवता त्याचा हॅश (उत्तरावरून काढलेला, पण उलटा सोडवता न येणारा ठसा) ठेवू. शब्दांच्या लांब वाक्यासाठी तो उपाय बरा आहे, कोऑर्डिनेट्ससाठी नाही. वर हिशेब आलाच आहे: संभाव्य उत्तरं १ कोटी ४० लाख. एसएचए-२५६ सारख्या जलद हॅशने इतकी उत्तरं साधा लॅपटॉप मिनिटाच्या आत चाळून काढतो, आणि तिथे १० मिनिटांना १० ची मर्यादा घालायला कोणीच बसलेलं नसतं. हॅशमध्ये सॉल्ट (उत्तराला आधी जोडलेली यादृच्छिक अक्षरं) मिसळलं तरी फरक पडत नाही, कारण ते सॉल्टही त्याच पानावर असतं. खरा बचाव दोनच गोष्टींत आहे. उत्तर सर्व्हरवर ठेवायचं, आणि प्रयत्नांची मर्यादाही तिथेच मोजायची, ब्राउझरमध्ये साठवलेल्या आकड्यावर नव्हे, कारण खासगी खिडकी उघडली की तो आकडा पुन्हा शून्यावर येतो. एवढं करायची तयारी नसेल तर तयार चेकर वापरा.

कॅश प्रसिद्ध व्हायच्या आधी चेकरमध्ये चार नोंदी करून पाहा: बरोबर उत्तर, शून्य सरकवलेलं उत्तर, उत्तर आणि पूर्व या दिशांच्या आकड्यांची अदलाबदल, आणि सूट ठेवली असेल तर तिच्या अगदी कडेवरचं उत्तर. पहिलं आणि शेवटचं हिरवं, मधली दोन लाल आली पाहिजेत. तपासताना आकडे फायनलच्या पानावरून चिकटवू नका. सूत्र कोऱ्या कागदावर नव्याने सोडवा आणि जे येईल ते हाताने टाका, म्हणजे चेकरबरोबर सूत्राचीही परीक्षा होते.